एमडीईए हळू आहे, तरी प्रेसमडच्या गॅसला तेच बरं
दादा, वाळव्याकडच्या प्रेसमडवरच्या (साखर कारखान्यातल्या रसाच्या गाळावरच्या) बायोगॅसमधून कार्बन डायऑक्साइड काढायला एमडीईए (असे वायू धरणारं एक अमाइन रसायन) नको, ते तो वायू हळू धरतं, असं तुम्ही लिहिलंय. हळू धरतं हे खरं. त्याच्या रेणूतल्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नसल्याने कार्बामेट, म्हणजे कार्बन डायऑक्साइडशी थेट घट्ट जोडलेलं संयुग, बनत नाही. पण म्हणूनच द्रावण तापवून तो वायू पुन्हा सोडवायला उष्णताही कमी लागते, आणि त्यासाठीच्या वाफेचाच तर खर्च मोठा! वेगासाठी थोडं पायपरझिन हे जलद अमाइन मिसळतात. द्रावण ४०-५० टक्क्यांचं चालतं. एमईए हे दुसरं, जलद अमाइन गंजाच्या भीतीने साधारण ३० टक्क्यांपर्यंतच ठेवतात.

ऑक्सिजनला मात्र खरंच जपा. हायड्रोजन सल्फाइड घालवायला डायजेस्टरमध्ये (गॅस बनतो त्या टाकीत) हवा सोडत असाल, तर ते आधी थांबवा. ऑक्सिजनने अमाइन खराब होऊन क्षार साचतात, द्रावण उकळणारा रीबॉयलर गंजतो. शिवाय हवेतला नायट्रोजन अमाइन काढत नाही, तो सीबीजीतच (शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या बायोगॅसमध्येच) राहतो.