सीमा न सांगता दारिद्र्याचा टक्का सांगू नये

मृद्गंध

'अमुक प्रदेशात इतके टक्के लोक गरीब' हे वाक्य आपण रोज वाचतो. लगेच त्याची क्रमवारी लागते, आणि त्या क्रमवारीवर निधीवाटप, योजना, अग्रलेख असं सगळं उभं राहतं. माझं मत ठाम आहे: प्रदेशाची सीमा कशी आखली, आतली विषमता किती आणि गरीब माणसं एकूण किती, हे सोबत नसेल तर असा टक्का छापणं बेजबाबदारपणाचं आहे.

सीमा बदलली की आकडा किती बदलतो याचं एक ढळढळीत उदाहरण. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाखांवर होती, देशात सर्वाधिक. त्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे 14 टक्के. तीच 2011 ची आकडेवारी नव्या सीमेने विभागली की पालघरमध्ये हे प्रमाण 37 टक्क्यांच्या वर जातं आणि उरलेल्या ठाण्यात जेमतेम 5 टक्के राहतं. एकही माणूस हललेला नाही. हे प्रमाण दारिद्र्याचं नव्हे, पण दारिद्र्याच्या टक्क्यालाही हेच गणित लागू आहे. जव्हार-मोखाड्याची उपासमार कितीतरी वर्षं मुंबईलगतच्या महानगरपालिकांच्या सरासरीत विरघळत होती.

दुसरं, टक्का आणि संख्या यांची गल्लत. 50 हजार वस्तीच्या भागात 40 टक्के गरीब म्हणजे 20 हजार माणसं. 10 लाखांच्या शहरात 10 टक्के म्हणजे 1 लाख. टक्क्यांची क्रमवारी लावली की ती लाखभर माणसं यादीच्या तळाशी जातात.

तिसरं, मोजणीत कोण धरलं जातं. अमेरिकेच्या अधिकृत दारिद्र्यदरात वसतिगृहात राहणारे विद्यार्थी मोजत नाहीत, पण तेच विद्यार्थी बाहेर भाड्याने खोली घेऊन राहिले तर मोजले जातात. त्यामुळे विद्यापीठांची छोटी गावं कागदावर भलतीच गरीब दिसतात. तिथल्या जनगणना विभागाने स्वतःच हे दाखवून दिलं आहे.

---

त्रैराशिक

तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, पण तुम्ही सुचवताय त्या दिशेला मोठा खड्डा आहे. सीमा लहान करा म्हटलं की नमुनाही, म्हणजे पाहणीसाठी निवडलेली कुटुंबंही कमी होतात, हे कुणी बोलत नाही.

साधा हिशेब करा. एखाद्या भागातून 100 कुटुंबं निवडली आणि 20 गरीब निघाली. खरा आकडा 95 टक्के खात्रीने सांगायचा तर 12 ते 28 टक्के एवढाच सांगता येतो. त्यातही ही कुटुंबं पूर्णपणे विखुरलेली निवडली असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात पाहणीत एका गावातून आठ-दहा घरं एकदम घेतात, शेजारी एकमेकांसारखे असतात, म्हणजे पट्टा आणखी रुंद. आता 18 टक्केवाला भाग 22 टक्केवाल्यापेक्षा सधन आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

अमेरिकेत दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे जातो. एवढा अवाढव्य नमुना असूनही 65 हजारांहून कमी वस्तीच्या भागांसाठी ते एका वर्षाचे नेहमीचे अंदाज देत नाहीत, पाच वर्षांचा डेटा एकत्र करतात. आणि सरासरी 4 हजार वस्तीच्या सेन्सस ट्रॅक्टसाठी, म्हणजे जनगणनेच्या लहान भागासाठी, पाच वर्षं जोडूनही त्रुटीमर्यादा (अंदाज किती वर-खाली चुकू शकतो) अनेकदा डोळे पांढरे करणारी असते. मोठ्या प्रदेशाचा भरड पण खरा आकडा मला बारीक पण खोट्या नकाशापेक्षा कधीही मान्य.

---

पाणवठा

मी योजनांच्या अंमलबजावणीत काम करतो, म्हणून वेगळ्या बाजूने बोलतो.

प्रशासकीय सीमा अपघाताने पडलेली नसते. तिथे कार्यालय असतं, अधिकारी असतो, खातं असतं. पैसा त्याच वाटेने जातो. तुम्ही उद्या दारिद्र्याचा अप्रतिम नकाशा काढलात ज्यातले पट्टे तीन तालुक्यांत अर्धे-अर्धे पसरलेत, तर त्याची जबाबदारी कोण घेणार? कुणीच नाही.

आणि वेळेचं काय? भारतात शेवटची जनगणना 2011 ची, पुढचीची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. सोळा वर्षं! दारिद्र्याचा टक्का जिच्यावरून काढतात त्या कुटुंबखर्चाच्या पाहणीचीही तीच गत, 2017-18 चे निकाल जाहीरच झाले नाहीत, 2011-12 नंतर थेट 2022-23. अशा परिस्थितीत 'सीमा, विषमता, संख्या सगळं मिळाल्याशिवाय छापू नका' म्हणजे काहीच छापू नका. भरड टक्क्यावर आज वाटप झालं तर निदान आज वाटप होतं. चुकीच्या क्रमवारीत दहा टक्के नुकसान होईल. थांबून राहिलं तर पूर्ण नुकसान त्या माणसाचं, ज्याच्यासाठी आपण इथे भांडतोय.

---

मृद्गंध

पाणवठा, थांबा असं मी म्हटलेलं नाही. उपलब्ध आकड्यासोबत त्याची मर्यादा छापा, एवढंच म्हणतोय. जनगणनेतली लोकसंख्या आणि पाहणीतला टक्का यांचा गुणाकार करायला सोळा वर्षं लागत नाहीत.

त्रैराशिक, तुमचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. मोठ्या प्रदेशाची सरासरी 'खरी' आहे कशासाठी? तेवढ्या मोठ्या प्रदेशासाठी. पण ती वापरली जाते आतल्या प्रत्येक तालुक्यासाठी. म्हणजे आतले सगळे भाग सारखेच आहेत असं गृहीत धरलं जातं. हेही एक मॉडेलच झालं, आणि सगळ्यात वाईट मॉडेल, कारण ते तपासलं जात नाही आणि त्याची त्रुटीमर्यादा कुणी मागत नाही.

त्यापेक्षा लहान क्षेत्रांच्या अनुमानाची पद्धत प्रामाणिक आहे. पाहणीत खर्च विचारलेला असतो पण घरं थोडी असतात. जनगणनेत खर्च नसतो पण प्रत्येक घर असतं. घराचं छत, शिक्षण, कुटुंबाचा आकार असे दोन्हीकडचे समान प्रश्न घ्यायचे, पाहणीवरून त्यांचं खर्चाशी नातं काढायचं आणि ते जनगणनेतल्या घरांना लावायचं. इक्वेडोरमध्ये यावर सुरुवातीचं काम झालं, 2003 मध्ये एल्बर्स आणि दोघा लांजौं या अर्थतज्ज्ञांनी पद्धत नीट मांडली आणि नंतर कितीतरी देशांचे नकाशे तयार झाले. अमेरिकेत काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे विभाग) आणि शाळा-जिल्ह्यांचे वार्षिक अंदाजही मॉडेलनेच निघतात, त्यात प्राप्तिकर विवरणं आणि अन्नसाहाय्याच्या नोंदी वापरतात. गरीब मुलांच्या शाळांचा संघराज्याचा निधी त्यावर वाटला जातो.

---

त्रैराशिक

त्या पद्धतीवर 2009 मध्ये तारोझी आणि डीटन या अर्थतज्ज्ञांनी जी टीका केली ती पण सांगा की. अख्ख्या प्रदेशासाठी काढलेलं 'छत आणि खर्च' यांचं नातं आतल्या प्रत्येक लहान भागात तसंच असेल हे त्या पद्धतीचं गृहीतक. एका खोऱ्यात पक्कं छत म्हणजे सुबत्ता, शेजारच्या खोऱ्यात फक्त घरकुल योजना पोचल्याची खूण. हे गृहीतक मोडलं तर अंदाज चुकतो आणि वर त्रुटीमर्यादाही खोटी, लहान दिसते. भरड सरासरीत आपण अंधारात आहोत हे निदान कळतं.

जिल्हापातळीवर थेट नमुना घेता येतो तिथे घ्या, माझी हरकत नाही. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक कुटुंब आरोग्य पाहणीवर आधारलेला आहे आणि त्या पाहणीचा नमुनाच जिल्हानिहाय आखलेला असतो. 2015-16 मधले 24.85 टक्के गरीब 2019-21 मध्ये 14.96 वर आले, हे जिल्हानिहायही पाहता येतं. तो खर्च मोजत नाही, पोषण, शाळा, शौचालय, बँक खातं अशा 12 गोष्टी मोजतो. पण जे मोजतो ते त्या पातळीवर मोजलेलं असतं, कल्पिलेलं नसतं.

---

शुक्रतारा

तुम्ही दोघं रेघेच्या जागेवर भांडताय, मला वाटतं खरी चूक दुसऱ्या रेघेत आहे. दारिद्र्यरेषेत.

2011-12 ची तीच पाहणी, तोच देश. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने ग्रामीण 816 आणि शहरी 1,000 रुपये दरमहा दरडोई खर्च ही रेषा धरली तर 21.9 टक्के गरीब. रंगराजन समितीने 972 आणि 1,407 धरले, 29.5 टक्के झाले. कुठल्या जिल्ह्याची सीमा हलवून एवढी माणसं गरीब-श्रीमंत होतात?

प्रादेशिक तुलनेत तर रेषा आणखी छळते. अमेरिकेची अधिकृत रेषा मॉली ऑर्शान्स्की यांनी साठच्या दशकात अन्नखर्चाच्या तिप्पट या आधारावर काढली. आजही सगळ्या राज्यांना ती एकच लागू आहे, घरभाडं कितीही वेगळं असो. 2011 पासून तिथला जनगणना विभाग पूरक मोजमापही देतो ज्यात घरखर्चाचा फरक धरतात, आणि त्यात कॅलिफोर्निया एकदम सर्वांत गरीब राज्यांच्या रांगेत येतं. आधी किंमती प्रदेशानुसार नीट लावा. मग नकाशा.

---

अबोली

शहरी-ग्रामीण या सीमेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सगळ्यात मोठा घोळ मला तिथेच दिसतो.

आपल्या जनगणनेत 5 हजारांवर वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान 400 लोक आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, या अटी पूर्ण झाल्या की ग्रामपंचायत असलेलं गावही 'जनगणना शहर' ठरतं. 2001 मध्ये अशी 1,362 होती, 2011 मध्ये 3,894.

आता बघा. अशा गावात समजा 20 टक्के गरीब आहेत. ग्रामीण सरासरी 30, शहरी 12. गाव ग्रामीण यादीतून निघालं की ग्रामीण दर वाढतो, कारण तुलनेने बरं गाव गेलं. शहरी यादीत आलं की शहरी दरही वाढतो, कारण तुलनेने गरीब गाव आलं. दोन्हीकडे दारिद्र्य वाढलं आणि गरीब एकानेही वाढला नाही! शुक्रतारा, यात रेषेच्या किंमती कितीही नीट लावल्या तरी हे सुटत नाही. उलट शहरी रेषा वर असल्याने त्याच गावातली काही माणसं नुसत्या वर्गवारीने गरीब ठरतात.

आणि मृद्गंध, लहान भागाच्या नकाशालाही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये साधारण 1,500 वस्तीच्या भागांचा वंचिततेचा निर्देशांक निघतो, 2010, 2015 आणि 2019 मध्ये जेविक हे किनाऱ्यावरचं ठिकाण सर्वांत वंचित ठरलं. पण वंचित माणसं सगळी वंचित भागात राहत नाहीत हे निर्देशांक काढणारेच बजावतात. सधन पेठेच्या मागच्या गल्लीतली घरकाम करणारी बाई कुठल्याच गडद पट्ट्यात येत नाही.

---

पाणवठा

अबोलीताईंचं गणित आमच्या खात्यात प्रत्येकाला करायला लावलं पाहिजे. माझं मूळ मत बदललेलं नाही, वाटप थांबवू नये. पण एक मागणी मी मृद्गंधबरोबर करायला तयार आहे.

येत्या जनगणनेसाठी 31 डिसेंबर 2025 ला प्रशासकीय सीमा गोठवल्या. 2011 मध्ये 640 जिल्हे होते, त्यानंतर एकट्या तेलंगणात 10 चे 33 झाले. नवे आकडे आले की लोक 2011 शी तुलना करणारच. तेव्हा प्रत्येक गाव आणि प्रभाग 2011 मध्ये कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तालुक्यात, ग्रामीण की शहरी होता याचा जोडतक्ता आकड्यांच्या आधी किंवा बरोबर प्रसिद्ध व्हावा. सहा महिन्यांनी नको, तोवर बातम्या छापून झालेल्या असतात.

---

त्रैराशिक

जोडतक्त्याला पूर्ण पाठिंबा. त्यात प्रत्येक भागाची 2011 ची लोकसंख्याही असावी, म्हणजे जुना आकडा नव्या सीमेत बसवताना लोकांना क्षेत्रफळाच्या प्रमाणात अंदाज बांधावा लागणार नाही. गावपातळीच्या दारिद्र्यदराला मात्र माझा विरोध कायम आहे.