‘एकाच दिवशी’ की ‘एकाच तारखेला’?

रत्नागिरीत शाळेत शिकवते. परिपाठाआधी फळ्यावर पंचांग, सुविचार आणि दिनविशेष लिहायची पाळी दर आठवड्याला एकेका वर्गाची. २३ जुलैला सातवीतल्या एकीने सुबक अक्षरात लिहिलं : ‘लोकमान्य टिळक आणि चंद्रशेखर आझाद एकाच दिवशी जन्मले.’ मी ‘दिवशी’ पुसून ‘तारखेला’ केलं. ती म्हणाली, ‘बाई, त्यात फरक काय?’ तेवढ्यात घंटा झाली. उत्तर राहून गेलं ते टोचतंय, म्हणून इथे मांडते.

टिळकांचा जन्म १८५६ साली आमच्या रत्नागिरीतला, आझादांचा १९०६चा. मध्ये पन्नास वर्षं. दिवस एकदाच उगवतो नि मावळतो. तारीख दर वर्षी फिरून येते. म्हणून हे दोघे एका तारखेचे, एका दिवसाचे नव्हेत. खरंखुरं ‘एकाच दिवशी’ हवं तर १ ऑगस्ट १९२० बघा : मुंबईत सरदारगृहात टिळक गेले, आणि वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यातही एक मेख आहे. टिळकांचं निधन मध्यरात्र उलटल्यावर झालं. तारीख मध्यरात्री बदलते, आपला वार सूर्योदयाला. कॅलेंडरात तो रविवार. माझी आजी ‘शनिवारी रात्री गेले’ असंच म्हणाली असती, आणि ते चूक नव्हतं.

उलटं उदाहरण रायगडावरचं. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ला झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा गडावर होता. त्यांच्या हिशेबी ती तारीख ६ जून १६७४. पण चौलचं बंदर होतं पोर्तुगीजांकडे. पोप ग्रेगरीची सुधारित कालगणना त्यांनी जवळजवळ शंभर वर्षं आधी घेतलेली, इंग्रजांनी ती घेतली थेट १७५२ साली. म्हणजे चौलात तोच दिवस १६ जून! गड आणि बंदर आज एकाच जिल्ह्यात. दिवस एक, तारखा दोन.

शब्द म्हणून ‘तारीख’ मला फार आवडतो. मूळ अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ दिवसाची नोंद तसाच इतिहासही. आपल्या जुन्या कागदांतली ‘तवारीख’ हे त्याचंच बहुवचन. ‘दिनांक’ हा भाषाशुद्धीच्या चळवळीतला, सावरकरांच्या नावावर सांगितला जाणारा शब्द. अर्जावर तो शोभतो. पण ‘दिनांक ५ रोजी’ लिहिताना दिन एकदा संस्कृतातून येतो नि एकदा फारसी ‘रोज’मधून. आणि जमिनीच्या दाव्यासाठी कोर्टात गेलेला माणूस ‘तारखेला गेलाय’, दिनांकाला नव्हे.

प्रतिसाद, हर्णैहून :
बाई, आमच्या बंदरावर डिझेलचा हिशेब तारखेने आणि समुद्र तिथीने. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ मिळते : चौथीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुनवेला, अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती-ओहोटी. २३ जुलै म्हटल्याने पाणी किती चढेल ते कळत नाही. मग ‘पुण्यतिथी’ तारखेने कशी काय पाळतात?

उत्तर :
अगदी नेमकं बोट ठेवलंत. शब्दात तिथी राहिली, पाळणं तारखेवर गेलं. ‘स्मृतिदिन’ जास्त चपखल, तरी रुळलेली पुण्यतिथी मी बदलायला सांगणार नाही. राज्याभिषेकाचं तसं नाही. तो सोहळा गडावर दोन्ही वेळा होतो, तिथे ‘तिथीनुसार’ की ‘तारखेनुसार’ हे लिहायलाच हवं.

प्रतिसाद, महाडहून :
२५ डिसेंबरला ‘आजचा दिनविशेष : नाताळ’ एवढंच लिहिलेलं मी आमच्याकडे पाहिलंय. ज्या गावात १९२७ साली त्याच तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं, तिथे! ‘दिनविशेष’ एकवचनी धरल्यामुळे एकच गोष्ट लिहायची सवय लागते का?

उत्तर :
वाचून चरचरलं. शब्द अकारान्त पुल्लिंगी, ‘देव’सारखा; अनेकवचनातही रूप तेच, त्यामुळे वचन कळतं ते फक्त ‘आजचा’-‘आजचे’वरून. आमच्या फळ्यावर ऑइलपेंटने ‘आजचा दिनविशेष’ रंगवलेलं आहे, वर्षानुवर्षं. खाली जागा एका ओळीची. सोमवारी पेंटरला बोलावते : ‘आजचे’, आणि खाली चार ओळी.