वेल्स : इतकी वर्षं लेबरला मत दिलं, यंदा हात धजत नाहीये

घाटमाथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी, कार्डिफ स्वॉन्झी रेक्सम कुठूनही वाचत असाल तर प्लीज लिहा, खूप दिवस मनात घोळतंय आणि घरात बोलायला गेलं की भांडणच होतं.

मी 2005 पासून साउथ वेल्सच्या व्हॅलीजमध्ये, म्हणजे जुन्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांत राहते. नवरा इथलाच, सासरे खाणीत होते, 84-85 च्या संपात वर्षभर घरात पगार नव्हता आणि सासूबाई गावच्या हॉलमध्ये संपकऱ्यांच्या पोरांसाठी स्वयंपाक करायच्या. माझं माहेर सोलापूर, आजोबा गिरणीत, लाल बावट्यावाले. त्यामुळे मला हे घर पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. इथे लेबरला, म्हणजे मजूर पक्षाला, मत देणं हा कुळाचार आहे, कोणी कोणाला विचारत नाही, देतात. मीही दिलं, दरवेळी, अगदी मनापासून.

आता 7 मे 2026 ला सेनेदची, म्हणजे इथल्या विधानसभेची निवडणूक आहे आणि मला कळत नाहीये काय करावं.

सासूबाई 84 वर्षांच्या, डिमेन्शिया आहे. मागच्या हिवाळ्यात बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर नर्स सगळे चांगले, कोणाबद्दल तक्रार नाही. पण नंतर "घरी न्यायला फिट आहेत" असं सांगितल्यावर पुढचे 9 आठवडे त्या वॉर्डातच, का तर घरी यायला केअरर, म्हणजे काळजी घेणारी माणसं, मिळत नाहीत. फ्रेम धरून चालणारी बाई 9 आठवडे बेडवर राहिल्यावर काय होणार, घरी आली ती उभीच राहू शकत नव्हती. मला त्याचं जे वाटतं ना ते अजून जात नाही.

आता दिवसातून 4 वेळा दोन दोन केअरर येतात, अर्धा तास. बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र मी. शाळेच्या किचनमधले तास कमी करून घेतले. माझ्यासारख्यांना मिळणारा सरकारी भत्ता, केअरर्स अलाउन्स, 2025-26 मध्ये आठवड्याला 83 पाउंड 30 पेन्स, त्यासाठी कमीत कमी 35 तास काळजी घ्यायची, म्हणजे तासाला अडीच पाउंडसुद्धा पडत नाहीत. आणि त्या वर्षी हातात येणारा पगार आठवड्याला 196 च्या वर एक पाउंड जरी गेला तरी अख्खा अलाउन्स बंद.

पण खरं सांगू, मला तोडलं ते वेगळ्याच गोष्टीने. येणाऱ्या केअररपैकी एक मुलगी केरळची आहे, सासूबाई दिवसभरात फक्त तिच्याकडे बघून हसतात, कधीकधी मला ओळखत नाहीत पण तिला ओळखतात. मे 2025 मध्ये लेबरचा पंतप्रधान स्टार्मरने भाषण केलं, आपण अनोळखी लोकांचं बेट होऊ वगैरे, आणि त्याच दिवशी परदेशातून केअर वर्कर आणणं बंद करणार म्हणून जाहीर केलं, जुलैत बंद झालंही. नंतर त्याला त्या शब्दांचा पश्चात्ताप झाला म्हणे, पण निर्णय तसाच राहिला. आता जे आधीच आलेत त्यांना कायम राहण्यासाठी 5 ऐवजी 15 वर्षं थांबवायचा प्रस्ताव नोव्हेंबर 2025 मध्ये आलाय. ती मुलगी सासूबाईंचे केस विंचरता विंचरता मला विचारते, आंटी आम्हाला परत पाठवतील का. मी काय सांगू? हे टोरींनी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने, केलं असतं तर मी रस्त्यावर उतरले असते. माझ्या मताने निवडून आलेल्यांनी केलं.

रिफॉर्मला, म्हणजे त्या स्थलांतरविरोधी पक्षाला, मत देणार नाही, ते सांगायलाही नको. पण मग कुठे? ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी काय ठरवलंय ते सांगा.

---

वॉर्डातली

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. मी स्वॉन्झीकडे नर्स आहे, म्हाताऱ्या माणसांच्याच वॉर्डात. तुम्ही लिहिलेले 9 आठवडे मी रोज बघते. बरा झालेला पेशंट बेडवर, त्यामुळे खाली इमर्जन्सीत ट्रॉलीवर माणसं, त्यामुळे बाहेर अॅम्ब्युलन्सची रांग, आणि त्यामुळे कोणाच्या तरी घरी पडलेली आजी चार चार तास जमिनीवरच. लोक हॉस्पिटलला शिव्या देतात पण गाठ बसलीये ती केअरमध्ये. आणि पडून राहिल्याने पायातली ताकद किती पटकन जाते ते आम्हाला माहिती असतं, आम्ही उठवतो बसवतो, पण एका नर्सने किती जणांना उठवायचं.

मी प्लाइडला, म्हणजे वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाला, देणार. ऑक्टोबर 2025 मध्ये कॅरफिलीत बघितलंत ना, शंभर वर्षं लेबरचा बालेकिल्ला, तिथल्या सेनेद पोटनिवडणुकीत प्लाइडला 47 टक्के, रिफॉर्मला 36 आणि लेबरला फक्त 11. तिथल्या लोकांनी ठरवून रिफॉर्मला अडवलं आणि लेबरला धडाही दिला. यंदा पद्धतही बदललीये, 96 जागा, एका मतदारसंघातून 6 जण, मत पक्षाच्या यादीला आणि जागा मतांच्या प्रमाणात. त्यामुळे "दुसऱ्याला दिलं तर मत फुकट जाईल" ही भीती बरीच कमी झालीये. ग्रीन पक्षाला द्यावंसं वाटलं तर तेही द्या, पण घरी बसू नका ताई, प्लीज.

---

जुना डॉक्टर

मुली, मी 1973 साली मिरजेहून इकडे आलो आणि व्हॅलीजमध्येच जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून निवृत्त झालो. तेव्हा इथल्या खाणगावांत यायला गोरे डॉक्टर तयार नसायचे, दवाखाने आम्हा भारतीय पाकिस्तानी मंडळींनीच चालवले. म्हणून तुझ्या केरळच्या मुलीचं वाचून मला माझेच दिवस आठवले. आमच्या वेळीही टीव्हीवर बरंच बोललं जायचं, पण पेशंट दारात उभे राहून म्हणायचे, डॉक, तू कुठे जायचं नाहीस.

मी अजून लेबरचा आहे, आणि का ते सांगतो, पटलं नाही तर सोडून दे. इथे घरच्या केअरसाठी कौन्सिल आठवड्याला 100 पाउंडच्या वर घेऊ शकत नाही, कितीही वेळा केअरर येवोत. इंग्लंडमध्ये अशी मर्यादा नाही. केअर होममध्ये जायची वेळ आली तर इथे 50 हजार पाउंडपर्यंतच्या बचतीला हात लागत नाही, इंग्लंडमध्ये 23,250. 2007 पासून औषधं फुकट. 2022 पासून केअर वर्करला रिअल लिव्हिंग वेज, म्हणजे जगण्याच्या खर्चावरून ठरवलेलं वेतन, द्यायला इथल्या सरकारने पैसे दिले. हे सगळं कार्डिफमधल्या लेबरने केलं. पैसा लंडनहून येतो, तोही मोजून. एचएस2 या हायस्पीड रेल्वेचा एक रूळ वेल्समध्ये नाही तरी ती "इंग्लंड आणि वेल्स"ची म्हणून दाखवली आणि इंग्लंडच्या खर्चाच्या प्रमाणात मिळणारा आपला वाटा बुडाला. प्लाइड आलं तरी तिजोरी तीच राहणार.

पण तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. 2003 च्या जाहीरनाम्यात वेल्श लेबरने अपंगांना घरची केअर फुकट देऊ म्हणून वचन दिलं होतं, मी ते पेशंटना स्वतः सांगितलं होतं, आणि 2006 मध्ये ते गुंडाळलं. स्कॉटलंडने 2002 पासून म्हाताऱ्यांना अंघोळ, कपडे, जेवण भरवणं ही केअर फुकट दिली, आपण नाही. मुळात भोक अगदी पहिल्या दिवसापासून आहे. आपल्या ट्रेडीगरच्या बेव्हनचं एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, 5 जुलै 1948 ला सुरू झालं, सगळ्यांना फुकट. त्याच दिवशी दुसरा कायदाही लागू झाला, नॅशनल असिस्टन्स अॅक्ट, त्यात म्हाताऱ्यांना कौन्सिलच्या होममध्ये ठेवायचं पण ऐपतीप्रमाणे पैसे घेऊन. कॅन्सर झाला तर आजार, डिमेन्शिया झाला तर "सोशल". मी 30 वर्षं घरोघरी बायकांना हा फरक समजावून सांगितला आणि एकदाही मला स्वतःला तो पटला नाही.

---

वसईकर नॉर्थ वेल्स

मी केअर वर्कर आहे, 2023 ला व्हिसावर आलो, रेक्समच्या बाजूला. तुमच्या त्या मुलीच्या जागी मीच आहे असं समजा. सकाळी 6 ला गाडी काढतो रात्री 10 ला परत येतो, मध्ये दोन तीन तास रिकामे असतात त्याचे पैसे नाहीत, एका घरातून दुसऱ्या घरी जायला कागदावर 10 मिनिटं लिहिलेली असतात आणि रस्ता 20 मिनिटांचा. मग उशीर झाला की त्या आजीचा अर्धा तास तिच्याच वाट्याचा कापला जातो, मला ते आवडत नाही पण पुढची आजी पण वाट बघत असते.

पंधरा वर्षांचं ऐकल्यापासून झोप उडालीये. माझी मुलगी 6 वर्षांची, आईकडे वसईत, आणायचा विचार केला तोवर 2024 च्या मार्चपासून नवीन केअर व्हिसावाल्यांना कुटुंब आणायला बंदी आली, ती टोरींनी केली, मी आधीचा म्हणून मला चालतं पण मालक बदलला तर काय होईल या भीतीने आणलंच नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहितीच नसते म्हणून लिहितो. व्हिसावर असलो तरी वेल्समध्ये कायदेशीर राहणाऱ्या सगळ्यांना सेनेदला मत देता येतं, 16 वर्षांपासून पुढे. आपण भारतीय तर कॉमनवेल्थवाले, आपल्याला वेस्टमिन्स्टरलाही, म्हणजे लंडनच्या संसदेलाही, देता येतं. तुमच्या त्या मुलीला सांगा नाव नोंदवायला. मी नोंदवलंय. कोणाला देणार ते अजून ठरवलं नाही, जो दारात येऊन माझ्याशी नीट बोलेल त्याला देईन.

---

पुणे30

इथे आमच्याकडे ब्युरोची मावशी, 12 तासांचे घसघशीत पैसे आणि सणाला गावी गेली की आपणच. सरकार नावाची गोष्ट यात कुठे असते हेच आम्हाला माहिती नाही. तुम्ही निदान मत कोणाला द्यायचं यावर भांडताय, भांडा, आम्हाला वाचून शिकता येतंय.

---

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरकाका, 100 पाउंडचं तुमचं अगदी खरं आहे, आम्ही तेवढेच भरतो आणि इंग्लंडमधली नणंद तिच्या सासऱ्यांसाठी जे भरते ते ऐकून गप्प बसले होते. ते मी विसरले नाहीये. पण काका, 2024 च्या जुलैत वेल्सने 32 पैकी 27 खासदार लेबरचे दिले, आता लंडन आणि कार्डिफ दोन्हीकडे आपलेच, आता केअरचं काहीतरी होईल असं आम्ही त्या रात्री टीव्हीसमोर बसून एकमेकांना सांगितलं होतं, आणि महिनाभरात पहिली बातमी आली ती बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी भत्ता काढल्याची. नंतर बऱ्याच जणांचा परत दिला. पण सासूबाईंनी त्या हिवाळ्यात हीटर बंद करून ब्लँकेट घेऊन बसायची सवय लावून घेतली ती लावलीच.

नवरा अजून म्हणतो आईला कळलं तर तिला काय वाटेल. मला वाटतं त्यांना कळलं असतं तर त्या सगळ्यात आधी जाऊन कॅरफिलीवाल्यांसारखं मत देऊन आल्या असत्या, संपात कोण घरी जेवण घेऊन आलं आणि कोण नाही ते त्यांना डिमेन्शियातही नावानिशी आठवतं.

वसईकर दादा, तुमचं वाचून दाखवलं त्या मुलीला. तिला खरंच माहिती नव्हतं. आज रात्रीचा कॉल झाल्यावर पाच मिनिटं थांबली, माझ्याच फोनवर फॉर्म भरला आम्ही दोघींनी, सासूबाई शेजारी बसून तिचा हात धरून होत्या. माझं मत बहुतेक प्लाइडला जाईल. शनिवारी लेबरची मंडळी आमच्या गल्लीत येणार आहेत, दार उघडून त्यांना घरात बोलावणार आहे, चहा करीन, आणि सासूबाईंच्या खोलीत बसूनच बोला म्हणणार आहे.