हौसेला मोल नसतं, पण गेमला असावं की नाही?

दिवेलागण (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात माझ्या गेमच्या पानावर मी एवढंच लिहिलं, की यात आता नवीन काही येणार नाही. गेम पूर्ण आहे, गंभीर बग निस्तरलेत, मी पुढच्या कामाला लागतोय. तासाभरात पहिला रिव्ह्यू पडला: "मस्त गेम. १४० तास खेळलो. डेव्हलपरने वाऱ्यावर सोडला. घेऊ नका."

एकशे चाळीस तास खेळून घेऊ नका!

नोकरी सांभाळून साडेतीन वर्षं हा गेम केला. रात्री साडेनऊ ते साडेबारा. संगीत तेवढं एका मित्राचं, बाकी सगळं एकट्याने. बाजारात येऊन दोन वर्षं झाली, त्यात सात मोठे अपडेट फुकट दिले. त्यातलं एकच उदाहरण सांगतो. २१:९ च्या रुंद मॉनिटरवर नकाशाची डावी कड कापली जायची. तक्रार करणारे मोजून चार जण. म्हटलं एका संध्याकाळचं काम. गेल्या अकरा. कारण पहिल्या वर्षी, काही कळत नव्हतं तेव्हा, सगळा इंटरफेस मी पक्क्या आकड्यांत ठोकून ठेवला होता. बटण सरकवलं की त्याची सावली जुन्याच जागी. सावली सरकवली की अक्षरं बटणाच्या बाहेर. त्या अकरा संध्याकाळींनी एक प्रतही जास्त खपली नाही.

माझं म्हणणं साधं आहे. जो गेम दाखवला तो दिला, पैसे मिळाले, व्यवहार संपला. पुढे जे मिळेल ती माझी हौस, तुमचा हक्क नव्हे. ही सवय स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमने लावली असं माझं मत आहे. एरिक बॅरोनने तो साडेचार वर्षं एकट्याने खपून केला, २०१६ मध्ये १५ डॉलरला आणला आणि २०२४ चा १.६ अपडेटसुद्धा फुकट दिला. माणूस थोरच. पण ज्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या त्याला जे परवडतं, ते चारशे प्रती खपलेल्यानेही करायचं?

शेवटचा_बॉस

साफ असहमत.

"व्यवहार संपला" हे वाक्य खरेदीच्या बटणाशेजारी लिहा ना मग. तिथे तर "लवकरच येत आहे" असतं, पुढे काय काय देणार याचा रंगीत रोडमॅप असतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली अॅक्सेस, म्हणजे गेम पुरा व्हायच्या आधीच विकायची सोय, २०१३ पासून आहे. अर्धा कच्चा गेम लोक कशाच्या भरवशावर घेतात? तुमच्या शब्दाच्याच ना?

नो मॅन्स स्काय आठवा. २०१६ मध्ये ६० डॉलरला आला. मुलाखतींत सांगितलेल्या कितीतरी गोष्टी, अगदी दोन खेळाडूंनी एकमेकांना भेटणंसुद्धा, त्यात नव्हत्या. लोकांनी सळो की पळो करून सोडलं. स्टुडिओने तोंड मिटलं आणि वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत राहिला. आज त्याच गेमचं नाव आदराने घेतात. त्या अपडेटना हौस म्हणायचं की उधारी फेडणं?

दुसरं, रात्रीची जागरणं. जागलात, मान्य. पण तो गेमचा गुण नव्हे. माझा हिशोब हातातल्या कंट्रोलरशी असतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही निमिषभर उडीचं बटण चालू ठेवायचं असतं, नाहीतर खेळणाऱ्याला वाटतं, दाबलं होतं की मी! ज्या गेममध्ये एवढं सांभाळलेलं असतं तिथे मी किंमतही बघत नाही. जिथे नसतं तिथे, जागलात तर जागलात.

दिवेलागण

रोडमॅपचा फटका बसला, खोटं कशाला बोलू. दोघांनी मिळून खेळायची सोय मी त्यात लिहिली होती. सहा महिने झगडून काढून टाकली, आणि चित्रातून ती ओळ गुपचूप पुसली. ते सांगायला हवं होतं.

तरी १४० तासांचा मुद्दा तसाच राहतो.

बिनपगारी

तुम्ही दोघंही पैशांना वळसा घालताय. मी नोकरी सोडून यात उतरलो होतो, म्हणून लिहितो.

स्टीमचा वाटा ३० टक्के. गेमने एक कोटी डॉलरचा पल्ला ओलांडला की पुढच्या कमाईवर तो २५ होतो, पाच कोटींनंतर २०. म्हणजे सवलत त्याला, ज्याला तिची गरज उरलेली नाही. (एपिक कंपनीने २०१८ मध्ये १२ टक्के घेऊन स्टीमसमोर दुकान थाटलं, पण गिऱ्हाईक अजून जुन्याच पेठेत.) उरलेल्यातून कर, परतावे, आणि सेलमधली सूट. पूर्ण किमतीला घेणारे पहिल्या महिन्यात संपतात. बाकीचे विशलिस्टमध्ये टाकून सेलची वाट बघतात. त्यांचंही चूक नाही, मीही तेच करतो.

आता परतावा. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीमवर पैसे परत मिळतात. नियम खेळाडूच्या बाजूने बरोबर आहे. पण दीड तासाच्या गेमने काय करायचं? समर ऑफ '५८ हा असाच छोटा गेम करणाऱ्याने २०२१ मध्ये जाहीरच केलं, की लोक गेम पूर्ण खेळून पैसे परत घेतात, तेव्हा मी हा उद्योग थांबवतो.

आमचा गेमही दीड तासाचाच. प्रकाशक म्हणाला, अडीच करा. मग आम्ही काय केलं? त्याच तीन खोल्या रात्रीच्या प्रकाशात पुन्हा फिरवल्या. दाराला किल्ली लावली, किल्ली तळघरात टाकली, तळघराचा जिना लांबवला. जिना लांबवणं म्हणजे काय, तर पायऱ्यांचा एक तुकडा कॉपी करून चार वेळा खाली चिकटवणं. माझ्या सहकाऱ्याने ते केलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. रिव्ह्यूत लोकांनी बरोबर पकडलं: "पहिला तास अप्रतिम, मग पाणी घातलंय." हौस मला पैशांअभावी सोडून गेली नाही. त्या जिन्यावर गेली.

ठोकळा

मी पिक्सेल आर्ट, म्हणजे गेमसाठी ठिपक्या-चौकोनांची चित्रं, करतो, कंत्राटावर. माझा राग डेव्हलपर मंडळींवर आहे. स्वतःच किंमत पाडता आणि मग खेळाडू कदर करत नाहीत म्हणून गळे काढता.

टीम चेरी या छोट्या स्टुडिओचा सिल्कसाँग हा गेम घ्या. २०१९ मध्ये जाहीर झाला, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आला, किंमत २० डॉलर. इतका उशीर का, तर करायला मजा येत होती म्हणून. टीम चेरीला ती मजा परवडली, कारण आधीच्या हॉलो नाइटच्या दीड कोटी प्रती गेल्या होत्या. तारीख दोन आठवडे आधी कळली आणि कित्येक छोट्या स्टुडिओंनी आपले गेम पुढे ढकलले. आता कोणी २५ डॉलर लावले की लोक विचारणार, तो एवढा मोठा गेम वीसला मिळतो, तुझ्यात असं काय सोनं लागलंय? त्यांनी कमी लावली हा त्यांचा मोठेपणा, बोजा मात्र आमच्यावर.

शेवटचा_बॉस

@ठोकळा, म्हणजे स्वस्त दिलं हाही गुन्हा! भले.

@बिनपगारी, जिन्याचं वाचून वाईट वाटलं. पण अशा जिन्यांवर मीच चालतो हो, आणि पैसे देऊन चालतो. तासांवर किंमत जोखणारे खेळाडू आहेत, मान्य. मी त्यातला नाही. दीड तासाचा गेम दीड तासाचाच द्या.

वाचनमात्र

एरवी लिहीत नाही. ड्वार्फ फोर्ट्रेस या गेमचं नाव कसं निघालं नाही याचं नवल वाटलं म्हणून लिहितोय.

टार्न आणि झॅक अॅडम्स या दोघा भावांनी तो २००६ पासून फुकट दिला. पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं, तरी लोक वेडे झाले. घर चालायचं देणग्यांवर. पुढे झॅकला त्वचेचा कॅन्सर झाला, उपचारांचा खर्च आणि विम्याचं कोडं समोर आलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की चित्रांची आवृत्ती काढून विकायची. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ती ३० डॉलरला आली आणि महिनाभरात लाखोंनी खपली. फुकटची आवृत्ती बंद केली नाही, ती आजही उतरवून घेता येते.

मी ती वर्षानुवर्षं फुकट खेळत होतो. विकत आली त्या दिवशी घेतली. महिनाभर उघडलीसुद्धा नाही, कारण मला अक्षरांचीच सवय. पैसे गेमचे नव्हतेच, मागची बाकी होती. तेव्हा दिवेलागण, "व्यवहार संपला" हे मला पटत नाही, पण तुम्हाला वाटतं त्याच्या उलट बाजूने. माझ्या लेखी तुमचं देणं नसेल, माझं असू शकतं.

बिनपगारी

प्रतिसाद आवडला. पण सोळा वर्षं वाट बघायला आणि त्यात आजार यायला लागला, हे विसरू नका. याला कोणी धंद्याची रीत म्हणू नये.

शेवटचा_बॉस

दिवेलागण, तुमचा गेम ओळखला मी. नाव घेत नाही. रिव्ह्यू माझा नाही, माझे ३१ तासच झालेत. पण "गंभीर बग निस्तरलेत" म्हणता, तर दीपगृहाच्या जिन्यावर कंदील हातात धरून सेव्ह केलं की परत उघडल्यावर कंदील भिंतीत जातो त्याचं काय? अंधारात अडकलोय तीन दिवस.

दिवेलागण

तो माहीत आहे. दुरुस्त करणार नाही. त्यासाठी सगळी सेव्ह पद्धत उचकटावी लागेल, आणि मग जुन्या सेव्ह फाइल गेल्या म्हणून वेगळा धागा निघेल.

मागचा ऑटोसेव्ह उघडा, तो जिन्याच्या दारात झालेला असतो. वर जाताना सेव्ह करायचं असेल तर कंदील आधी पायरीवर ठेवा. तिसऱ्या पायरीवर नको, तिथून तो खाली पडतो.