गुरुजींचा गाडीखर्च : एवढी आग कशाला?

घाटमाथा :
परवाच्या धाग्यात एकाने लिहिलं, 'तापोळ्याकडे गावी सत्यनारायण घातला. गुरुजींनी दक्षिणेवर 600 रुपये जाण्यायेण्याचे मागितले. भिक्षुकीचीही आता टॅक्सी झाली.' खाली सगळे खिदळले. माझे वडील त्याच खोऱ्यात भिक्षुकी करतात, म्हणून लिहितो. कोयना धरणाचं पाणी चढलं, गावं काठाने डोंगरात सरकली. समोरच्या घरातला चुलीचा धूर दिसतो, पण जायचं तर लाँच, नाहीतर खोऱ्याला वळसा. वेळेची लाँच हुकली की पेशल करायची. ती माणशी भाड्यात मिळत नाही. त्यात लग्नं वैशाखात, म्हणजे नेमकं पाणी ओसरलेलं. लाँच पार खाली टेकते. तिथून हातात चपला, खांद्यावर पळी-पंचपात्र, पोथ्या, सोवळ्याचं गाठोडं आणि पोटरीभर चिखल. बासष्टाव्या वर्षी. करा हिशोब.

सरळसोट :
कष्ट कबूल. पण आधी सांगा की! बायका पाया पडत असताना 'तेवढं गाडीचं बघा' हे बरं दिसतं?

घाटमाथा :
आधी सांगितलं की 'भटजी बोली करतो'. नंतर सांगितलं की 'अडवून घेतो'. कधी सांगायचं तो मुहूर्तही तुम्हीच काढून द्या.

नाचणी :
आमच्या गुरवाला विचारा. पावसाळाभर रोज पायाच्या जळवा काढत वरच्या देवळात जातो, वर्षाकाठी मिळतं थोडं भात. त्याच्यासाठी कुणी धागा काढला नाही.

घाटमाथा :
काढा की. पहिला प्रतिसाद माझा.

कोपरखैरणेकर :
पैशाला ना नाही हो. पण चतुर्थीला पहाटे साडेतीनला कडी वाजवतात त्याचं काय? आम्ही रात्रभर प्रवास करून आलेलो, मखराचे दिवे लागायचेत, बायको न्हाणीत, आणि गुरुजी दारात, 'आटपा, पलीकडे अकरा घरं आहेत.' मध्यान्हीचा गणपती पहाटे बसवायचा हे कुठलं शास्त्र?

पळीपंचपात्र :
पहाटेपासून मध्यान्हापर्यंत केव्हाही चालतं. दरवर्षी पंचांगकर्ते सांगून दमले.

कोपरखैरणेकर :
जन्म मध्यान्हीचा, हे आजोबांनी शिकवलंय. लाँचच्या वेळापत्रकावर शास्त्र वाकवू नका!

सरळसोट :
मी दोन वर्षं मोबाइलवर पूजा लावतो. मोबाइल पेट्रोल मागत नाही.

पळीपंचपात्र :
मध्येच मसाल्याची जाहिरात लागली की तिलाही अक्षता वाहता का?

सरळसोट :
वाहतो. ती निदान 'आटपा' म्हणत नाही.

पळीपंचपात्र :
असल्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

घाटमाथा :
विषय गाडीखर्चाचा होता, आठवतंय का कुणाला? मध्यान्हीची वेळ सगळ्यांनाच हवी. अडीच तास, चार वाड्या, मध्ये पाणी, वर भाद्रपदातला पाऊस. आणि वडाप, म्हणजे माणशी भाड्याची जीप, भरल्याशिवाय हलत नाही. वडील चौदावे म्हणून मागच्या पत्र्यावर बसतात, मांडीवर कुणाचं तरी कोंबडं. सोवळं यजमानाच्या पडवीत बदलतात, तेही कोरडं राहिलं तर.

कोपरखैरणेकर :
बरं बाबा, कोंबड्यापुढे मी हरलो. यंदा आमच्याकडे शेवटी या म्हणावं, साडेबाराला. लाँचचे मी देतो. पण जेवल्याशिवाय सोडणार नाही.

घाटमाथा :
जेवण होईतो परतीची लाँच गेलेली असते.

कोपरखैरणेकर :
म्हणजे पेशलही माझ्याच डोक्यावर?