जीटीए ६ : कॅरॅक्टरची नावं ओळखताना लीक धरायचं का?

फोंडेकर :
जीटीए ६ या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कोणतरी सांगतोच, "जेसन नाव मी आधीच ओळखलं होतं". ओळखलं कसलं रे? सप्टेंबर २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या सिस्टीममधून चोरलेल्या नव्वदेक क्लिप बाहेर आल्या (तेच हे लीक), त्यात नायक जेसन आणि नायिका लुसिया दोन्ही नावं होती, ती बघायची आणि मग अंदाज म्हणून मिरवायची. माझं म्हणणं, अंदाज लावायचा तर कंपनीनं दाखवलंय त्यावरून लावा. पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ च्या पहाटे आला, ओल्ड गोव्याचं फेस्त नुकतंच झालेलं. सुरुवातीलाच नायिका तुरुंगाच्या कपड्यात बसलेली, समोरची अधिकारी तिला लुसिया म्हणून हाक मारते, झालं, नाव मिळालं. पण तिच्या जोडीदाराला अख्ख्या ट्रेलरमध्ये कोणी नावानं हाक मारत नाही, शेवटी दोघं विश्वासाचं बोलतात तेव्हासुद्धा नाही. डोकं लढवायला जागा होती ती हीच, आणि लीकवाल्यांनी तिची वाट लावली.

म्हापसेकर :
पटलं नाही. त्या क्लिप आपणहून फोनवर येऊन आदळल्या, आता बघितलेलं विसरायचं कसं? आणि गेम आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६, इतकं थांबवल्यावर माणूस मिळेल ते बघणारच ना. शिवाय लीकमधलं नाव म्हणजे शंभर टक्के खरं असं पण नव्हतं, गेम बनताना नावं बदलतात, तेव्हा कितीतरी जण "हे तात्पुरतं नाव" म्हणून भांडत होते. म्हणजे तो पण अंदाजच झाला.

वाळपईकर :
अंदाज नाही बाबा, चोरीचा माल. अर्धवट बनलेल्या गेमच्या क्लिप बघून लोक ग्राफिक्सला नावं ठेवत होते, तेव्हा दुसऱ्या कंपन्यांच्या डेव्हलपरनी स्वतःच्या गेमचे अर्धेकच्चे व्हिडिओ टाकून दाखवलं की बनताना सगळे गेम असेच दिसतात. वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसांना किती लागलं असेल ते.

डिचोलीवाली :
मला वाटतं तुम्ही सगळे पहिल्या नावातच अडकलात, खरी मजा आडनावात होती. ६ मे २०२५ ला दुसरा ट्रेलर आला तेव्हा जेसन ड्युवाल आणि लुसिया कामिनोस कळलं. गेममधलं लिओनिडा म्हणजे फ्लोरिडा आणि व्हाइस सिटी म्हणजे मायामी, तिथे क्युबा आणि लॅटिन अमेरिकेतली एवढी माणसं, त्यामुळे लुसियाचं आडनाव त्या बाजूचं असणार हे उघड होतं (आपल्याकडे ख्रिश्चन वाड्यावर लुसिया नाव ऐकलेलं, म्हणून मला तर ती पहिल्यापासून जवळची वाटली). आणि जेसन राहतो लिओनिडा कीज बेटांवर, खऱ्या फ्लोरिडातल्या की वेस्टचा सगळ्यात गाजलेला रस्ता ड्युवाल स्ट्रीट. नकाशा उघडून बसलेल्याला हे लीकशिवाय सुचू शकलं असतं!!

फोंडेकर :
हेच तर म्हणतोय गो मी! रॉकस्टारचाच रेड डेड २ गेम आठव. ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिला ट्रेलर, आणि नायकाचं आर्थर मॉर्गन हे नाव कळलं सप्टेंबर २०१७ च्या दुसऱ्या ट्रेलरला. मधलं जवळजवळ वर्ष लोक पोस्टरवरचे सात घोडेस्वार बघून त्यात आधीच्या गेममधला जॉन मार्स्टन कोण, डच कोण म्हणून वाद घालत होते. ते वर्ष रिकामं गेलं असं कोणाला वाटलं नाही.

म्हापसेकर :
आणि स्वतःचा अंदाज चुकला की तेच लोक "नाव बोअर आहे" म्हणून चिडतात, ते पण बघितलंय. लीक बघणारा निदान अपेक्षा बांधून बसत नाही.

वाळपईकर :
चिडू दे की, चिडून कोणाची मेहनत चोरीला जात नाही.

फोंडेकर :
म्हापसेकर, एवढं तरी कर, लीकमधलं असेल तर वर ठळक लीक लिही, ज्याला नको तो वाचणार नाही. दुसऱ्या ट्रेलरमध्ये नाव नसलेले चेहरे अजून भरपूर आहेत, ते तरी आम्हाला आमच्या डोक्यानं शोधू दे.

म्हापसेकर :
लिहीन. पण मग कोणाचा अंदाज बरोबर आला की लगेच "लीक बघितलं असणार" असा संशय पण घ्यायचा नाही, माझ्यावर दोनदा घेतलाय तुम्ही.