डेनुवोचा पहारा किती दिवस ठेवायचा?

रात्रपाळी

पीसी गेमवर पायरसी रोखायला डेनुवो लावतात, त्याला माझा विरोध नाही. विक्रीचा भर ओसरल्यावरही ते तसंच ठेवतात, त्याला आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डेनुवो मूळचं ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचं, 2018 पासून इर्डेटो या कंपनीच्या मालकीचं. 2014 च्या फिफा 15 पासून ते गाजायला लागलं. गेमच्या कोडमधले काही भाग ते असे कूटबद्ध करतं, की तुमच्या मशिनपुरती परवानगी सर्व्हरवरून आल्याशिवाय ते चालतच नाहीत. म्हणून पहिल्यांदा चालू करताना नेट लागतं, प्रोसेसर बदलला की पुन्हा लागतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात बऱ्याच गेमच्या पानावर लिहिलेलंच असतं, की दिवसाला 5 मशिन, त्यापुढे थांबा. लिनक्सवर किंवा स्टीम डेक या हातातल्या कन्सोलवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनची आवृत्ती बदललीत तरी ते नवं मशिन धरलं जातं. दोन-चार आवृत्त्या तपासून बघणारा माणूस स्वतःच्याच गेमबाहेर 24 तास!

आता कॅपकॉमच्या रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज या गेमचं उदाहरण घ्या. मे 2021 मध्ये आला. शत्रूला गोळी घातली की गेम क्षणभर अडखळायचा. पैसे देणारे दोन महिने तक्रार करत होते. जुलैत क्रॅक झालेली, म्हणजे संरक्षण तोडलेली प्रत आली आणि ती लोण्यासारखी चालली. गेमची तांत्रिक चाचणी करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने दोन्ही प्रती शेजारी लावून तपासल्या, तक्रार खरी निघाली. मग कॅपकॉमने पॅच काढला. म्हणजे फुकट्याला चांगली प्रत आणि गिऱ्हाइकाला खराब. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

2024 मध्ये एका अमेरिकन संशोधकाने डेनुवो असलेल्या 86 गेमचा अभ्यास केला. पहिल्या आठवड्यातच क्रॅक आला तर उत्पन्न सरासरी 20 टक्क्यांनी घटतं, पण 12 आठवड्यांनंतर आला तर जवळपास काहीच फरक पडत नाही. मग तीन महिन्यांनी काढून टाका की!

पैसा_वसूल

+1. मी तर म्हणतो पहिल्या दिवसापासूनच नको. ईए कंपनीचा 2008 चा स्पोर गेम आठवतोय का? त्यावर सिक्युरॉम हे तसलंच कुलूप लावलं, तीनच मशिनवर चालू करायची मुभा. लोकांनी ॲमेझॉनवर दोन हजारांवर एक-तारा शेरे ठोकले, ईएवर खटला भरला गेला, मुभा तीनवरून पाचवर न्यावी लागली. आणि एवढं करून पायरसीच्या बातम्या देणाऱ्या टोरेंटफ्रीक साइटच्या यादीत त्या वर्षीचा सर्वांत जास्त चोरला गेलेला गेम कोणता? स्पोरच. गिऱ्हाइकाने आरडाओरडा केल्याशिवाय ही मंडळी हलत नाहीत. जोरात बोंबला.

बिल्ड_फेल

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत काम करतो. आम्हाला डेनुवो परवडत नाही, तेव्हा माझा त्यात काही स्वार्थ नाही. पण वरचं वाचून राहवलं नाही.

रात्रपाळी, तुम्ही व्हिलेजचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. अडखळणं आलं होतं ते कॅपकॉमने डेनुवोच्या वर स्वतःची आणखी एक पायरसीविरोधी तपासणी लावली होती त्यामुळे, आणि तीही नको तिथे, ऐन मारामारीच्या वेळी चालणारी. काम करणाऱ्याने गबाळेपणा केला. त्याचं खापर अख्ख्या तंत्रावर कशाला?

आणि पैसा_वसूल, तुम्ही स्पोरचा दाखला देता, मी गेम डेव्ह टायकूनचा देतो, ज्यात खेळणारा गेम बनवणारी कंपनी चालवतो. 2013. दोन भावांची कंपनी, गेमची किंमत जेमतेम 8 डॉलर, त्यावर कसलंही डीआरएम, म्हणजे कॉपीविरोधी कुलूप नाही. तुमच्या सगळ्या अटी पूर्ण. पहिल्या दिवशी 3,318 जण खेळले आणि त्यातले 3,104 क्रॅक प्रतीवर. पैसे देणारे 214. त्यांनी मुद्दामच टोरेंटवर एक वेगळी प्रत सोडली होती, ज्यात खेळणाऱ्याची कंपनी पायरसीने बुडते. मग हेच फुकटे लोक येऊन विचारत होते, की गेममध्ये पायरसी थांबवायला काही उपाय आहे का! हसून हसून रडायची पाळी.

तुम्ही 12 आठवडे म्हणता. त्याच अभ्यासातले 20 टक्के वाचवण्यासाठीच ते लावतात हो. 20 टक्के म्हणजे एखाद्या टीमचा पुढच्या वर्षाचा पगार असतो.

रात्रपाळी

व्हिलेजमध्ये कॅपकॉमची तपासणी होती हे मान्य. गिऱ्हाइकाला मात्र कोणाच्या कोडमुळे अडखळलं याच्याशी काय देणंघेणं? पायरसी थांबवण्यासाठी जे काही घातलं त्याचा त्रास पैसे देणाऱ्याला झाला, एवढं पुरे आहे.

नोव्हेंबर 2021 मध्ये तर डेनुवोचं एक डोमेन मुदत संपून बंद पडलं आणि काही गेम उघडेनातच. त्याच सुमाराला इंटेलचे नवे एल्डर लेक प्रोसेसर आले, तर त्यांचे लहान कोर म्हणजे वेगळंच मशिन असा समज डेनुवोने करून घेतला. इथे गबाळेपणा कोणाचा?

20 टक्क्यांचा मुद्दा मी नाकारतच नाहीये. मूळ लेख परत वाचा. मी तीन महिने दिलेत.

निवांत_पाटील

प्रामाणिकपणे सांगा, डेनुवो आहे की नाही हे पानावर वाचल्याशिवाय किती जणांना कळतं? मला नाही कळत. ऑफिसहून येतो, तासभर खेळतो, झोपतो. हॉगवर्ट्स लेगसीवर डेनुवो होतं, बायकोने पूर्ण खेळला, तिला हे नावसुद्धा माहीत नाही.

जुनी_डिस्क

पाटीलसाहेब, आज नाही कळत. दहा वर्षांनी कळेल.

सेफडिस्क हे जुनं कॉपीविरोधी कुलूप घ्या. 2000 च्या आसपासच्या कितीतरी गेमच्या सीडीवर ते होतं. त्याचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विंडोज 10 मध्ये घेतलाच नाही आणि त्याच वर्षी जुन्या विंडोजमध्येही पॅच काढून बंद केला. ज्यांनी लॅमिंग्टन रोडवर पन्नास रुपयांची कॉपी घेतली त्यांचं काही बिघडलं नाही, कारण तिच्यात ती तपासणी आधीच काढलेली. ज्यांनी खोक्यासकट खरी घेतली त्यांची डिस्क पडून. आज तो जुना गेम खऱ्या डिस्कवरून खेळायचा तर नो-सीडी क्रॅक शोधावा लागतो. विकत घेणाऱ्याला!

हे तरी फक्त डिस्कचं झालं. डेनुवोला सर्व्हर लागतो. तो बंद झाला की नवं मशिन घेणाऱ्याने काय करायचं? युबिसॉफ्टने द क्रू हा गेम मार्च 2024 अखेर बंद केला तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांचीही गेम गेली. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स ही ग्राहकांची मोहीम सुरू झाली आणि युरोपात दहा लाखांवर सह्या जमल्या. निवांत राहायचं दिवस आहेत का हे?

पैसा_वसूल

सहमत. द क्रू आणि डेनुवो या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आता कोणीतरी येऊन सांगेलच.

बिल्ड_फेल

मीच सांगतो, वेगळ्या आहेत. :) द क्रू मुळातच सर्व्हरवर चालणारा होता. पण जुनी_डिस्क यांची भीती रास्त आहे, तिथे माझा वाद नाही.

साधा_गिऱ्हाईक

भारतातलं कोणी बोलतच नाहीये. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या गेब न्यूवेलने 2011 मध्ये म्हटलं होतं की पायरसी हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न आहे. आपल्याकडे अर्धं खरं ठरलं. नोव्हेंबर 2015 पर्यंत स्टीमवर डॉलरमध्ये पैसे द्यावे लागायचे, क्रेडिट कार्ड नसलेल्या कॉलेजच्या पोराने काय करावं? रुपयांत किंमत आली आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी चोरणं सोडलं. आता मोठे गेम चार-पाच हजारांना आहेत, तर तीच मंडळी पुन्हा रीपॅक, म्हणजे क्रॅक करून लहान केलेल्या प्रती शोधताना दिसतात. डेनुवो असेल तर? तर तो गेम सोडून दुसरा. विकत कोणीच घेत नाही. त्या 20 टक्क्यांत आपली माणसं धरली असतील तर ती वजा करा.

बिल्ड_फेल

तुमच्या ओळखीतली वजा करतो, जगातली नाही.

रात्रपाळी

एक कामाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी क्रायटेक या गेम कंपनीमधून कागदपत्रं फुटली, त्यात क्रायसिस रीमास्टर्डसाठी डेनुवोचा दर होता: पहिल्या वर्षाला सव्वा ते दीड लाख युरोच्या दरम्यान, पुढे दरमहा 2,000 युरो. म्हणजे ठेवायलाही पैसे पडतात. डूम या गेमवर ते 2016 च्या मेमध्ये लावलं होतं, डिसेंबरमध्ये काढलं. जगबुडी झाली नाही.

मग माझी मागणी एवढीच: विकतानाच पानावर तारीख लिहा. अमुक दिवशी डेनुवो काढणार. ज्याला घाई आहे तो आज घेईल, ज्याला नको तो थांबेल.

बिल्ड_फेल

आणि म्हणूनच कोणी लिहिणार नाही. तारीख जाहीर केली की गेम घेऊ शकणारेही त्या तारखेपर्यंत थांबणार.

रात्रपाळी

थांबू देत ना. थांबणारा शेवटी विकतच घेणार आहे. चोरत तर नाही.

बिल्ड_फेल

12 आठवड्यांनी, सेलमध्ये, निम्म्या किमतीत. पहिल्या आठवड्यातली पूर्ण किंमत आणि ही निम्मी, यातला फरक कोण भरणार तेवढं सांगा, मी उद्याच माझ्या साहेबांसमोर तुमची मागणी ठेवतो.

निवांत_पाटील

निम्म्या किमतीत कधी मिळेल ते कळवा रे कोणीतरी.